उभ्या राहून चाकं धरलेली जुनी जीप: ब्रेक ड्रम सोडवणं आणि बेअरिंग बसवणं

जुनी विलिस किंवा महिंद्राची सीजे-३बी दोन-चार पावसाळे एका जागी उभी राहिली की इंजिनाच्या आधी तिची चाकं धरतात. नवी बॅटरी लावून, कार्ब्युरेटर साफ करून इंजिन सुरू होतं, पण क्लच सोडला की गाडी जराशी पुढे झुकते आणि इंजिन बंद पडतं. अशा वेळी सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे ट्रॅक्टर बांधून ओढणं. तो करू नका. ब्रेक ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारी वाटी, तिला आतून दाबणारी कमान म्हणजे शू आणि शूवरची घर्षणाची पट्टी म्हणजे लायनर. गंजाने ड्रमला चिकटलेला लायनर ओढाओढीत शूवरून उखडतो आणि शू व ड्रम यांच्या फटीत पाचरीसारखा अडकतो. मग ड्रम फोडल्याशिवाय मार्ग उरत नाही. शिवाय ज्या बेअरिंगमधलं ग्रीस सुकून खडखडीत झालंय त्यांचे रोलर तेवढ्या ओढण्यात कपवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, ओरखडे पाडतात.

जाम ड्रम का धरलाय हे कळल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही, हा या कामाचा पहिला नियम. धरण्याची कारणं मोजकी आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. कारण ओळखलं की बहुतेक ड्रम हलक्या हाताने निघतात. आणि ड्रम काढायचाच आहे तर बेअरिंगही त्याच वेळी करा. पुढच्या चाकांत हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि ड्रम बरोबरच बाहेर येतात, त्यामुळे अर्धं काम झालेलंच असतं.

आधी तुमची जीप नीट बघा

आपल्याकडे ‘लो बोनेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जीपमध्ये दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी, तिचीच फोर्डने बनवलेली आवृत्ती जीपीडब्ल्यू, आणि युद्धानंतरच्या सीजे-२ए व सीजे-३ए येतात. १९५३ साली आलेली सीजे-३बी म्हणजे ‘हाय बोनेट’. महिंद्राने मुंबईत जोडलेल्या आणि पुढे बनवलेल्या जीपमध्ये हाच ढाचा अनेक दशकं टिकला. या सगळ्यांचे मूळ ब्रेक म्हणजे चारही चाकांना ९ इंची ड्रम आणि पावणेदोन इंच रुंदीचे शू. महिंद्राच्या नंतरच्या मॉडेलांत ड्रम मोठे झाले, म्हणून लायनर मागवण्याआधी ड्रम मोजा.

पुढचा एक्सल सगळ्यांचा साधारण सारखा. मागचे मात्र दोन प्रकार आहेत आणि हा फरक समजला नाही तर सगळं काम चुकतं. मागच्या हबच्या मध्यभागी सहा बोल्टची चकती दिसत असेल तर तो फुल फ्लोटिंग एक्सल: गाडीचं वजन नळीच्या टोकावर, एक्सलचा दांडा फक्त चाक फिरवतो. मध्यभागी दाबून बसवलेली पत्र्याची टोपी असेल आणि तिच्याखाली स्प्लिट पिन घातलेला खाचांचा मोठा नट असेल, तर एक्सलचं टोक निमुळतं म्हणजे टेपर आहे आणि हब त्यावर चावीसकट (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पाचरीसकट) घट्ट बसलाय. कागदपत्रांत काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. आपल्याकडच्या जीपची आयुष्यात अनेकदा अदलाबदल झालेली असते, एकीचा पुढचा एक्सल आणि दुसरीचा मागचा अशी जोडणी सर्रास सापडते. डोळ्यांनी बघा.

गाडी उचलण्याआधी

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी असतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मागचं एक चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक पूर्ण ओढलेला असला तरी डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) जमिनीवरचं चाक मोकळं होतं: वरचं उलटं फिरतं, खालचं सुलटं, आणि गाडी जॅकवरून घसरते. गिअरमध्ये ठेवूनही तेच. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅक मारायचा नाही. जमीन सपाट आणि कडक हवी. मुरमाच्या अंगणात काम असेल तर जॅकखाली जाड फळी टाका. गाडी उचलली की एक्सलखाली घोडी लावा आणि वजन घोडीवर येऊ द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक काढून हातोडा मारणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

दुसरी काळजी धुळीची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम निघाल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवण्याची गॅरेजमधली सवय अतिशय वाईट. पाण्यात थोडा साबण मिसळून फवारा, ओल्या चिंधीने पुसा आणि ती चिंधी पिशवीत बांधून टाका. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क घ्या.

हत्यारांमध्ये नेहमीच्या पान्यांखेरीज तीन गोष्टी हव्यात. पुढच्या हबच्या नटासाठी २ १/१६ इंची बॉक्स पाना, टेपर एक्सल असेल तर चाकाच्या स्टडवर (चाकाचे नट लागतात त्या बोल्टांवर) बसणारा जाड पुलर, आणि पितळेचा एक दांडा. बॉक्स पाना नसेल म्हणून छिन्नी-हातोड्याने तो नट फिरवतात. बहुतेक जुन्या जीपच्या नटांवर त्या छिन्नीचे घाव दिसतात, आणि असा नट पुढे कधीच नेमका घट्ट करता येत नाही. पाना विकत घ्या किंवा जाड नळीच्या टोकाला खाचा पाडून बनवून घ्या.

आदल्या संध्याकाळी चाकाचे नट, बॅकप्लेटमागचे (ड्रममागच्या स्थिर पत्र्यामागचे) ॲडजस्टरचे नट, ब्रेकचे निपल (हवा काढायची तोटी) आणि पाईपचे जोड या सगळ्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी परत मारा. या कामात घाई केली की निपल तुटतं, आणि तुटलेलं निपल सिलिंडरमधून काढणं हे ड्रम काढण्यापेक्षा मोठं काम होऊन बसतं.

चाकाचे नट आणि उलटे आटे

या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना मुळात उलटे आटे असतात. नटावर किंवा स्टडच्या टोकावर बहुधा इंग्रजी एल कोरलेला असतो, पण तो गंजाखाली दिसत नाही. तारेचा ब्रश मारून आधी खात्री करा. पान्याला पाईप लावून चुकीच्या दिशेने जोर लावला की स्टड तुटतो. मधल्या काळात कोणी स्टड बदलले असतील तर डावीकडेही सुलटे आटे सापडू शकतात, म्हणून सवयीवर नाही, आट्यांच्या कलावर विश्वास ठेवा. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करून ठेवा.

धरलंय काय ते शोधा

चाक काढलं. आता ड्रम दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे फिरवून बघा. अजिबात हलत नाही, किंचित हलून अडतो, की जड पण सलग फिरतो? तिन्ही वेगळी दुखणी आहेत.

अजिबात न हलणारा ड्रम बहुधा गंजाने लायनरला चिकटलेला असतो. किंचित हलून ठराविक जागी अडणाऱ्या ड्रममध्ये सुटलेला लायनर, तुटलेली स्प्रिंग किंवा फुटलेलं बेअरिंग असू शकतं. जड पण सलग फिरणारा ड्रम म्हणजे शू पूर्ण मागे येत नाहीत.

या तिसऱ्या प्रकारात निपल उघडण्याची चाचणी करा. निपलवर नळी लावून ते अर्धा फेरा सैल करा. ब्रेक ऑईल दाबाने बाहेर आलं आणि चाक मोकळं झालं तर दोष पाईपमध्ये किंवा मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरमध्ये) आहे, ड्रममध्ये नाही. पुढे आणखी एक पायरी: निपल बंद करून पेडल दाबून चाक परत धरू द्या आणि यावेळी रबरी होजचा मास्टरच्या बाजूचा जोड सैल करा. चाक सुटलं तर मास्टर दोषी. नाही सुटलं, पण निपल उघडल्यावर सुटतं, तर होज आतून सुजलेला आहे. जुना होज बाहेरून ठीकठाक दिसतो आणि आतून एकाच दिशेने ऑईल जाऊ देतो: पेडलच्या जोराने ऑईल जातं, स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. या जीपला असे होज पुढेही असतात आणि मागेही. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर सगळेच डोळे मिटून बदला.

निपल उघडूनही काही फरक पडला नाही तर मात्र अडचण ड्रमच्या आत आहे.

पुढचा ड्रम काढणं

पहिलं काम शू सैल करण्याचं. ९ इंची ब्रेकमध्ये बॅकप्लेटच्या मागे वरच्या अंगाला प्रत्येक शूसाठी एक ॲडजस्टर असतो. तो आतून एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकलेली गोल चकती असते. खालच्या अंगाला दोन अँकर पिना, त्याही एक्सेंट्रिक. चारहींची आत्ताची स्थिती बॅकप्लेटवर छिन्नीने बारीक खूण करून नोंदवा आणि फोटो काढून ठेवा. मग वरचे दोन्ही ॲडजस्टर सैल करा. ड्रम तेवढ्याने सुटला नाही तर अँकर पिनांचे मागचे लॉकनट सैल करून पिनाही फिरवा, म्हणजे शूची खालची टोकं आत येतात. ही दुसरी पायरी बऱ्याच जणांना माहीत नसते आणि ते थेट घणाकडे वळतात.

आता हब. मधली पत्र्याची टोपी उपसून काढा, आतल्या दांड्याच्या टोकाची सर्क्लिप किंवा नट काढा, सहा बोल्ट काढा. चकती गॅस्केटला चिकटलेली असते. बाजूने, कडेवर चहूबाजूंनी हलके ठोके दिले की सुटते. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, तिथल्या खोल ओरखड्यातून पुढे ग्रीस गळतं. चकतीमागे शिम (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या) निघाल्या तर त्या जशाच्या तशा परत जायच्या आहेत. आत दोन मोठे नट दिसतील आणि त्यांच्यामध्ये दुमडलेला लॉक वायसर. वायसरचा कान सरळ करा, बाहेरचा नट, वायसर, आतला नट, त्यामागची खाचेची चकती या क्रमाने काढून क्रमानेच फळीवर मांडा.

यानंतर हब ड्रमसकट ओढला की यायला हवा. येताना बाहेरचं बेअरिंग घरंगळतं, तिथे हात धरा. आला नाही तर तो गंजाने धरलाय. ड्रमच्या सपाट तोंडावर, दोन स्टडच्या मधल्या जागेत, मध्यम हातोड्याने चहूबाजूंनी ठोके द्या. जोर मोठा नको, ठोके भरपूर हवेत. कंपनाने गंजाची पकड सुटते. दर थोड्या वेळाने ड्रम दोन्ही दिशांना फिरवून बघा. ‘कट्’ असा आवाज येऊन तो किंचित हलला की निम्मं काम झालं. ड्रमच्या काठावर मात्र कधीही ठोका मारायचा नाही. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठिसूळ असतं, काठाचा टवका उडतो आणि ड्रम भंगारात जातो.

ड्रम बोटभर बाहेर येऊन अडला तर तिथे गंज नाही, काठ आहे. वर्षानुवर्षांच्या झिजेने ड्रमच्या आत खोलगट पट्टा तयार होतो आणि आतल्या तोंडाशी न झिजलेला काठ राहतो. शू त्या काठाला अडकतात. ओढू नका, ड्रम परत आत ढकला, ॲडजस्टर आणखी सैल करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

गॅसच्या ज्योतीने ड्रम तापवण्याचा सल्ला मिळेल. इथे मी त्याच्या ठाम विरोधात आहे. आत ग्रीस आहे, ब्रेक ऑईल आहे, रबर आहे, आणि बेअरिंगचं पोलाद जास्त तापलं की त्याचा कडकपणा जातो. आग लागण्याचा धोका वेगळाच.

मागचा टेपर हब

या कामातला सगळ्यात हट्टी भाग हा. फुल फ्लोटिंग एक्सल असेल तर हा भाग सोडून द्या, तुमचं काम पुढच्या चाकासारखंच आहे: सहा बोल्ट काढा, एक्सलचा दांडा ओढून घ्या आणि मग आतले मोठे नट काढा.

टेपर एक्सलवर काही ड्रम हबवर तीन स्क्रूंनी लावलेले असतात. ते स्क्रू काढले की ड्रम एकटा निघतो आणि हब जागेवर राहतो. शू बदलण्यापुरतं काम असेल तर एवढं पुरतं. स्क्रू गंजलेले असतात, त्यांना हातोड्याने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर लावा. पण चाकाचे स्टड हबमधून ड्रममध्ये ठोकून बसवलेले असतील तर हब काढण्यावाचून पर्याय नाही.

स्प्लिट पिन काढा आणि मोठा नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. एक्सलच्या टोकापासून थोडा मागे आट्यांवरच राहू द्या. टेपर सुटतो तेव्हा तोफेसारखा आवाज करून सुटतो आणि नट नसेल तर हब अंगावर येतो. पुलर चाकाच्या स्टडवर नटांनी पक्का बसवा, मधला स्क्रू एक्सलच्या टोकावर आणा आणि पान्याने चांगला ताण द्या. मग पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर हातोड्याचा एक ठाम ठोका द्या. सुटला नाही तर ताण थोडा वाढवा, परत एक ठोका. तरीही नाही, तर ताण तसाच ठेवून, टेपरवर तेल मारून घरी जा. रात्रभराच्या ताणाने पुष्कळ हब सकाळी पहिल्याच ठोक्याला सुटतात. धीर हे इथलं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे.

काय करू नये तेही सांगतो. ड्रमच्या काठाला तीन पायांचा पुलर लावू नका, काठ वाकतो किंवा फुटतो. पुलर न लावता एक्सलच्या टोकावर घण मारू नका, तो धक्का दांड्यातून थेट बेअरिंगला आणि डिफरन्शियलला जातो. नट सैल करून गाडी अंगणात आठच्या आकड्यात फिरवली की हब सुटतो, अशी एक जुनी युक्ती आहे. ती खरी आहे, पण बाकीचे तीन ब्रेक चालू असतील आणि स्प्लिट पिन जागेवर असेल तरच. जाम झालेल्या गाडीसाठी ती नाही.

हब निघाल्यावर एक्सलच्या टेपरवर चावीच्या खाचेजवळ भिंगातून बघा. खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी चीरही एक्सल बाद करायला पुरेशी आहे, कारण या प्रकारात एक्सल तुटला की चाक ड्रमसकट निघून जातं. चावीवर दाब पडून पायरी आली असेल तर नवी चावी घाला.

या एक्सलचं बेअरिंग हबमध्ये नसून नळीच्या तोंडात, बॅकप्लेटच्या मागे असतं. एक्सल हाताने आत-बाहेर ओढून खेळ बघा. जाणवेल न जाणवेल इतका खेळ असायलाच हवा. खडखड वाजण्याइतका असेल किंवा फिरवताना करकर लागत असेल तर दांडा बाहेर काढावा लागेल. त्यासाठी बॅकप्लेट सोडावी लागते आणि तिच्याजवळ पातळ शिम निघतात. हा खेळ त्या शिमांवरच ठरतो. ज्या बाजूच्या जितक्या निघाल्या त्या तिथे तितक्याच परत. बेअरिंग दांड्यावर दाबून बसवलेलं असतं, ते प्रेसवर काढून घ्या. घरी छिन्नीने फोडण्याच्या नादात दांड्यावर घाव पडतो आणि तिथूनच पुढे तो तुटतो. सील नवंच घाला. गिअर ऑईल गळून लायनरवर आलं की तो लायनर धुऊन सुधारत नाही.

ब्रेकच्या आत

दोन्ही बाजूंचे ब्रेक एकदम उघडू नका. एक बाजू जुळलेली ठेवली की स्प्रिंग कुठे आणि कशी होती हे बघायला नमुना राहतो. दोन शूंमध्ये लांब लायनरचा शू पुढच्या बाजूला असतो. पुन्हा जोडताना याची अदलाबदल फार वेळा होते.

व्हील सिलिंडर (शूना बाहेर ढकलणारा) काढून पिस्टन ढकलून बघा. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, ते पाणी तळाशी बसतं आणि उभ्या गाडीत सिलिंडरची खालची बाजू खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ली जाते. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या गाडीत हे हमखास. वरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने किंवा होनने (आतून घासायच्या हत्याराने) निघतो. नख अडकेल इतका खड्डा असेल तर सिलिंडर बदला, किंवा मूळचाच ठेवायचा असेल तर पितळेची अथवा स्टेनलेसची स्लीव्ह टाकून घ्या. जुन्या सिलिंडरवर स्लीव्ह हा मला सगळ्यात चांगला उपाय वाटतो. मूळ माप पुढे १ इंच आणि मागे पाऊण इंच असं आहे. दुकानदाराने चारही सारखे दिले तर परत करा, कारण पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण याच फरकावर ठरतं. रबरी कप फक्त ब्रेक ऑईलने ओले करून बसवा. डिझेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑईलचा थेंबही लागला तर कप फुगतात आणि ब्रेक परत जाम होतात.

ड्रम स्वच्छ धुऊन हातात लोंबकळत धरा आणि लाकडी मोगरीने वाजवा. घंटेसारखा खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर चीर शोधा. मग लेथवर लावून घ्या. हबसकट असलेला ड्रम बेअरिंगच्या कपांवर केंद्र धरून फिरवायला सांगा, नुसत्या बाहेरच्या काठावर धरला तर तो डुगडुगता टर्न होतो. ९ इंची ड्रममध्ये व्यासात ०.०६० इंच, म्हणजे दीड मिलिमीटर, ही वाढीची मर्यादा धरतात. एका एक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे हवेत, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला खेचते. लायनर मारून घेताना मारणाऱ्याला ड्रमही द्या, म्हणजे लायनरची गोलाई त्याच्याशी जुळवून घासता येते.

पुण्यात नाना पेठेत आणि दिल्लीत काश्मिरी गेटला जीपचे सुटे भाग अजून मिळतात. नवे ड्रम घेण्याआधी जुने वाचतात का ते जरूर बघा, जुन्या ओतकामाचा दर्जा मला बहुतेक वेळा उजवा वाटला आहे. डिस्क ब्रेक लावून टाका असंही कोणी सांगेल. जीप मूळ रूपात ठेवायची असेल तर त्याची गरज नाही. नीट जुळवलेले चार ड्रम या गाडीच्या वजनाला आणि वेगाला पुरतात.

बेअरिंग

पुढच्या प्रत्येक हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग असतात, आतलं आणि बाहेरचं, दोन्ही सारख्याच मापाची: टिमकेन १८५९० कोन (रोलरसकट आतलं कडं) आणि १८५२० कप. फुल फ्लोटिंग मागच्या हबमध्येही हीच.

रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये जुनं ग्रीस पूर्ण निघेपर्यंत धुवा. हवेच्या झोताने बेअरिंग गरगर फिरवू नका, कोरड्या रोलरना इजा होते आणि पिंजरा सुटला तर रोलर डोळ्यात जाऊ शकतो. सुकल्यावर उजेडात बघा. उभ्या राहिलेल्या गाडीची खास खूण म्हणजे कपच्या खालच्या भागात रोलरच्या अंतरावर उमटलेल्या काळ्या किंवा तांबूस रेघा. ग्रीस खाली ओघळून गेलं, रोलर आणि कप यांच्यात ओल बसली आणि तिथे गंज धरला. रेघ फक्त डाग असेल, नखाला लागत नसेल, तर बेअरिंग चालेल. नख अडकलं तर बदला. निळसर झाक म्हणजे ते कधीतरी तापलेलं आहे, तेही बाद. कप आणि कोन नेहमी जोडीनेच बदलायचे. स्टब एक्सलवर (हब ज्यावर फिरतो त्या टोकावर) कोन बसतो त्या जागी खोलगट झीज आहे का तेही बघा. कोन हाताने सरकत आत जावा, पण लडबडू नये.

जुना कप हबमधून काढताना आतून पितळेचा दांडा टेकवून समोरासमोर आळीपाळीने ठोके द्या. नवा कप बसवताना जुनाच कप त्यावर उलटा ठेवून ठोका. तळाला टेकला की ठोक्याचा पोकळ आवाज एकदम भरीव होतो. तो बदल कानाने टिपल्याशिवाय थांबू नका.

ग्रीस नंबर २ लिथियम घ्या आणि जुन्यात नवं मिसळू नका. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, वरच्या फटीतून ते बाहेर येईपर्यंत. असं पूर्ण वर्तुळ करा. नुसतं बाहेरून चोपडलेलं ग्रीस रोलरपर्यंत पोचत नाही. हबच्या पोकळीत आतून थर द्या, पण ती ठासून भरू नका. जादा ग्रीस तापून सील ओलांडतं आणि लायनरवर येतं. आतलं सील नवं घाला आणि त्याच्या ओठाला बोटाने ग्रीस लावा.

जोडणी आणि घट्टपणा

हब चढवून आतला नट बसवा. चाक हाताने फिरवत नट आवळा, चाक धरू लागेपर्यंत. फिरवत आवळणं महत्त्वाचं आहे, नाहीतर रोलर जागेवर बसत नाहीत आणि खोटा घट्टपणा जाणवतो. मग नट साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्या. चाक मोकळं फिरायला हवं आणि वर-खाली धरून हलवलं तर खेळ जाणवू नये. लॉक वायसर घाला, बाहेरचा नट आवळा आणि परत एकदा तपासा, कारण बाहेरचा नट आवळताना आतला थोडा सरकतो. शेवटी वायसरचा कान दुमडा. वायसर नवाच वापरा. एकदा दुमडून सरळ केलेला कान दुसऱ्यांदा तुटतो.

मागच्या टेपरवर ग्रीस किंवा तेल अजिबात नको. एक्सल आणि हब दोन्ही थिनरने पुसून कोरडे करा. हे नियमाविरुद्ध वाटतं, पण तेलकट टेपर जास्त आत शिरतो आणि हबला चीर पाडू शकतो. नट किमान १५० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २०० न्यूटन मीटरला आवळा. टॉर्क पाना नसेल तर दोन फुटी दांडीच्या टोकाला साधारण ३४ किलोचा भार, असा तो हिशेब. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवा. मागे कधीच घेऊ नका.

शू जुळवताना विलिसच्या मॅन्युअलमधलं अंतर खालच्या टोकाला ०.००५ इंच आणि वरच्या टोकाला ०.००८ इंच आहे. ड्रमला फिलर गेज घालायची फट असेल तर मोजून करा. नसेल तर आधी खालच्या अँकर पिना खुणेवर आणा, मग एकेक वरचा ॲडजस्टर ड्रम धरेपर्यंत फिरवा आणि हलकीशी घसट जेमतेम जाईपर्यंत मागे घ्या.

मास्टर सिलिंडर पायाखाली, फ्लोअरच्या खाली असतो. पेडलला अर्धा इंच मोकळी चाल ठेवा. ही चाल नसेल तर मास्टरमधलं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, गरम होऊन फुगलेलं ऑईल टाकीत परत जात नाही आणि चार-पाच किलोमीटरवर चारही चाकं आपोआप धरू लागतात. इतकं काम करून ब्रेक पुन्हा जाम झाले तर सगळ्यात आधी इथे बघा.

हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्याकडे या. डॉट ३ ऑईल, तेही नवा डबा फोडून. बाहेर येणाऱ्या ऑईलचा रंग स्वच्छ होईपर्यंत थांबू नका, आणि मधे मास्टरची टाकी रिकामी होऊ देऊ नका.

पहिली फेरी

गाडी सुरू न करता कोणाला तरी पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरायला सांगा आणि तुम्ही चारही बॅकप्लेट, सगळे होज आणि प्रत्येक जोड टॉर्चने बघा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर रस्त्यावर जायचं नाही. या जीपच्या ब्रेकला एकच सर्किट आहे. कुठेही एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून ट्रान्सफर केसमागचा हँडब्रेकही आजच जुळवून घ्या. मात्र वेगात असताना तो एकदम ओढायचा नसतो, त्याचा सगळा धक्का प्रोपेलर शाफ्ट आणि एक्सलवर येतो.

आधी अंगणात चालण्याच्या वेगाने, मग मोकळ्या रस्त्यावर ताशी वीस-तीसने. पाचेक किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवून थांबा आणि चारही ड्रमजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. कोमट असणं ठीक. एकच ड्रम चटका देत असेल तर त्याचे शू घासतायत. हबचा मधला भाग ड्रमपेक्षा गरम असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय. शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर मागच्या टेपरचे नट परत त्याच टॉर्कला तपासा, नव्या स्प्लिट पिना घाला, आणि नवे लायनर बसल्यामुळे वाढलेली शूची फट वरच्या ॲडजस्टरने एकदा भरून घ्या.